दोन राउटर, दोन लाइन, तरी नेट बंद: फेलओव्हरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, छोटं रुग्णालय, शाळा, एमआयडीसीतला कारखाना, दोन-तीन शाखांचं दुकान अशा ठिकाणी नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. फेलओव्हर म्हणजे एक राउटर किंवा लाइन पडली की काम आपोआप दुसऱ्यावर जाणं. उत्तरं देताना सिस्को, मायक्रोटिक, फोर्टिगेट आणि पीएफसेन्स हे राउटर-फायरवॉल डोळ्यांसमोर आहेत. मेन्यू दर आवृत्तीत बदलतात, त्यामुळे कमांडपेक्षा सेटिंगमध्ये कुठला आकडा का ठेवायचा यावर भर आहे. उदाहरणांत एकच मांडणी धरली आहे: राउटर अ चा पत्ता १९२.१६८.१०.२, राउटर ब चा १९२.१६८.१०.३ आणि संगणकांना गेटवे (बाहेर जाण्याचं दार) म्हणून दिलेला सामाईक पत्ता १९२.१६८.१०.१.

### दुसरा राउटर आणून रॅकमध्ये लावला. रिडंडन्सी (एकाला दुसऱ्याचा आधार) झाली ना?

अजून नाही. तो राउटर सध्या फक्त स्पेअर आहे. पहिला बंद पडल्यावर कोणीतरी येऊन केबल हलवणार असेल तर तेही वाईट नाही. पंधरा-वीस जणांच्या ऑफिसला कॉन्फिग भरलेला स्पेअर राउटर आणि ती केबल हलवू शकणारा एक माणूस एवढं पुष्कळदा पुरतं. पण आपोआप व्हायला हवं असेल तर तीन गोष्टी लागतात. बिघाड झाला हे कोणाला तरी कळायला हवं, कळल्यावर ट्रॅफिक दुसरीकडे वळायला हवं आणि बिघाड दुरुस्त झाल्यावर शहाण्यासारखं परत यायला हवं. बहुतेक जण मधल्या भागावर पैसे घालवतात. रडवतात ते पहिला आणि तिसरा.

### पैसे एकाचेच आहेत. दुसरा राउटर घ्यावा की दुसरी लाइन?

लाइन. चांगला राउटर वर्षानुवर्षं चालतो, लाइन मात्र रस्त्याच्या पुढच्या खोदकामापर्यंतच चालते. दुसऱ्या लाइननंतर पैसे उरले तर आधी वीज बघा. राउटर, स्विच आणि प्रोव्हायडरने बसवलेला ओएनयू किंवा मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साध्या नेटवर्क केबलशी जोडणारी पेटी) हे तिन्ही यूपीएसवर आहेत का? राउटर यूपीएसवर आणि ओएनयू भिंतीतल्या साध्या प्लगवर, हे चित्र इतक्या ठिकाणी दिसतं की भेटीत पहिली नजर तिथेच टाकावी. घरगुती इन्व्हर्टर वीज गेल्यावर क्षणभर थांबून बॅटरीवर येतो. तेवढ्यात राउटर रीबूट होतो. त्यावर यूपीएस मोडचा खटका असेल तर तो त्या बाजूला ठेवा. आणि दोन पॉवर सप्लाय असलेल्या महाग राउटरच्या दोन्ही वायरी एकाच यूपीएसमध्ये खुपसल्या असतील, तर दुसऱ्या सप्लायचे पैसे वाया गेले.

### दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन एकाच वेळी कशा काय बंद पडतात?

बिलं दोन कंपन्यांची असतात, वायर मात्र एकाच खांबावरून येते. शहरात शेवटच्या टप्प्याची फायबर अनेकदा एकाच स्थानिक ऑपरेटरची असते आणि दोन्ही कंपन्या त्याच्याकडूनच घेतात. एकाच झऱ्यावरच्या या दोन विहिरी. उन्हाळा आला की दोन्ही आटणार. म्हणून करार करण्याआधी विचारा: फायबर इमारतीत कुठल्या बाजूने शिरते, तुमचा पुढचा पॉप (कंपनीचं जोडणी केंद्र) कुठे आहे, शेवटचा टप्पा कोणाचा आहे? विक्री प्रतिनिधीला हे माहीत नसतं. लाइन ओढायला आलेल्या माणसाला नक्की माहीत असतं.

सगळ्यात सोपा खरा फरक म्हणजे माध्यमच वेगळं घेणं: एक फायबर आणि दुसरी छतावरच्या अँटेनाची आरएफ (रेडिओ) लिंक किंवा ४जी-५जी सिम. जेसीबी फायबर तोडतो तेव्हा हवेतली लिंक शाबूत असते. (त्या परिसरातल्या मोबाइल टॉवरची फायबरही त्याच चरात असेल तर मात्र सिमही गेलं. असं घडतं.)

मोठे लोकही यात सापडतात. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स कंपनीचं जाळं कोसळलं. देखभालीच्या कामात एक राउटिंग फिल्टर (मार्गांची माहिती गाळणारा नियम) काढला गेला, कोअर म्हणजे जाळ्याच्या गाभ्यातल्या राउटरवर मार्गांचा पूर आला आणि मोबाइल व घरगुती इंटरनेट दोन्ही एकाच कोअरवर असल्याने दोन्ही गेले. डेबिट पेमेंट चालवणारी इंटरॅक ही संस्था रॉजर्सवर अवलंबून होती, त्यामुळे देशभर दुकानांत कार्ड चालेना. मोबाइल आणि ब्रॉडबँड एकाच कंपनीचं घेऊन त्याला बॅकअप म्हणणाऱ्यांनी हा दिवस लक्षात ठेवावा.

### लाइन मेलेली असते, पण राउटर दुसऱ्या लाइनवर जातच नाही. असं का?

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त वेळा येते.

राउटरच्या लेखी लाइन मरते कधी? त्याचा पोर्ट डाउन होतो तेव्हा. पण तुमच्या राउटरच्या पोर्टला फायबर नाही, ओएनयूची दीड मीटरची कॅट-६ केबल जोडलेली आहे. बाहेर दोन किलोमीटरवर फायबर तुटली तरी ओएनयू चालूच असतो, पोर्टचा दिवा हिरवाच असतो आणि राउटर इमानदारीने पॅकेट त्या खड्ड्यात टाकत राहतो.

साधी मांडणी अशी असते: पहिल्या लाइनकडे जाणारा डिफॉल्ट रूट (बाहेरच्या ट्रॅफिकचा ठरलेला मार्ग) डिस्टन्स १ ने (लहान डिस्टन्स आधी वापरला जातो) आणि दुसरीकडे जाणारा त्याहून मोठ्या डिस्टन्सने, म्हणजे १० किंवा २५०. याला फ्लोटिंग स्टॅटिक रूट म्हणतात. हा दुसरा रूट पोर्ट पडला तरच काम करतो. त्याला तपासणीची जोड द्यावीच लागते. सिस्कोत आयपी एसएलए ही तपासणीची सोय पिंग (समोरून उत्तर येतं का ते बघणारं छोटं पॅकेट) पाठवते, ट्रॅक ऑब्जेक्ट त्याचा निकाल ठेवतं आणि रूट त्या ट्रॅकला बांधलेला असतो. मायक्रोटिकमध्ये चेक-गेटवे आहे, पण ते फक्त लगतच्या गेटवेला पिंग करतं. तो गेटवे अनेकदा प्रोव्हायडरच्या स्थानिक केंद्रातला बॉक्स असतो; तो जिवंत आणि त्याच्या पुढचं सगळं मेलेलं, अशी स्थिती अगदी नेहमीची. म्हणून तिथे रिकर्सिव्ह रूट वापरतात: बाहेरचा एक पत्ता पहिल्या लाइनला बांधायचा आणि डिफॉल्ट रूटचा गेटवे म्हणून तोच बाहेरचा पत्ता द्यायचा. मायक्रोटिकच्या राउटरओएस ६ मधली जुनी पाककृती ७ मध्ये जशीच्या तशी चालत नाही. तिथे बांधलेल्या रूटचा स्कोप १० आणि डिफॉल्ट रूटचा टार्गेट-स्कोप ११ ठेवावा लागतो. जुनं कॉन्फिग नव्या आवृत्तीवर चढवल्यावर फेलओव्हर गप्प बसला असेल तर आधी हे बघा.

### पिंग कुठल्या पत्त्याला करावं?

दोन पत्ते निवडा, दोन वेगळ्या संस्थांचे, आणि दोन्ही गप्प झाले तरच लाइन मेली असं धरा. एकाच सार्वजनिक पत्त्यावर सगळी भिस्त ठेवली तर तो पत्ता पिंगला उत्तर देणं कमी करतो त्या दिवशी तुमची चांगली लाइन उगाच पडते.

दोन सापळे आहेत. पहिला: पिंगचा पत्ता त्या त्या लाइनला स्वतंत्र रूटने बांधलेला हवा. तो बांधला नाही तर पहिली लाइन पडते, डिफॉल्ट रूट दुसरीकडे जातो, आता तेच पिंग दुसऱ्या लाइनवरून यशस्वी होतं, राउटरला वाटतं पहिली लाइन बरी झाली, तो परत जातो आणि पुन्हा पडतो. हा झोपाळा दिवसभर चालतो आणि लोक म्हणतात नेट स्लो आहे.

दुसरा सापळा पहिल्याच्या उपायातून निघतो. समजा ८.८.८.८ हा पत्ता पहिल्या लाइनला बांधला आणि ऑफिसातल्या सगळ्या संगणकांचा डीएनएसही (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) तोच आहे. पहिली लाइन पडली की ट्रॅफिक दुसरीकडे जातं, पण ८.८.८.८ कडे जाणारा रस्ता अजूनही मेलेल्या लाइनवरच आहे. पिंग चालतं, साइट उघडत नाही. तेव्हा तपासणीसाठी असा पत्ता घ्या जो तुमचा डीएनएस नाही.

### व्हीआरआरपी नक्की काय करतं?

दोन राउटरना मिळून एकच गेटवे पत्ता सांभाळू देतं. संगणकांना गेटवे म्हणून १९२.१६८.१०.१ दिलेला असतो. हा पत्ता अ चा नाही, ब चाही नाही. दोघांपैकी जो अॅक्टिव्ह असेल तो त्याला उत्तर देतो. अॅक्टिव्ह राउटर दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर हाक देतो. बॅकअप ऐकत बसतो. हाक थांबली की बॅकअप पुढे येतो. सामाईक आयपीबरोबर मॅक पत्ताही (हार्डवेअरचा पत्ता) सामाईक असतो, ००-००-५ई-००-०१ आणि शेवटी ग्रुपचा क्रमांक. त्यामुळे संगणकांची एआरपी नोंद (कुठल्या आयपीचा मॅक कुठला) बदलावी लागत नाही. नवा अॅक्टिव्ह राउटर ग्रॅच्युइटस एआरपी (न विचारता केलेली घोषणा) सोडतो, त्यावरून स्विचला कळतं की हा मॅक आता दुसऱ्या पोर्टवर आहे.

सेटिंग म्हणाल तर: अ ला प्रायॉरिटी १२०, ब ला १००, दोन्हीकडे ग्रुप क्रमांक एकच आणि तो सवयीने १ ठेवू नका. प्रोव्हायडरच्या किंवा इमारतीतल्या दुसऱ्या कोणाच्या उपकरणानेही तोच १ घेतलेला असतो आणि दोघे एका सेगमेंटवर आले की एकच मॅक दोन ठिकाणी दिसतो. सामाईक पत्ता कुठल्याही राउटरचा खरा पत्ता ठेवू नका. तसं केलं तर तो राउटर मालक ठरतो, त्याची प्रायॉरिटी २५५ होते आणि मग ती ट्रॅकिंगने (लाइनच्या तपासणीवरून) कमी करता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. व्हीआरआरपी फक्त लॅनच्या (ऑफिसातल्या जाळ्याच्या) बाजूला बघतं. अ ची इंटरनेट लाइन तुटली तरी लॅनवर त्याची हाक चालूच असते, त्यामुळे तोच अॅक्टिव्ह राहतो. वरच्या लाइनची तपासणी व्हीआरआरपीला जोडावी लागते: लाइन पडली की अ च्या प्रायॉरिटीतून ३० वजा. १२० चे ९० झाले, ब चे १०० मोठे, ब पुढे आला. हे गणित पुष्कळ ठिकाणी ११० आणि १०० असं ठेवलेलं असतं आणि सिस्कोत वजाबाकी न सांगितल्यास १० ची होते. ११० चे १०० झाले, बरोबरी झाली. बरोबरीत व्हीआरआरपीचा बॅकअप जागेवरून हलत नाही.

### एचएसआरपी, व्हीआरआरपी, कार्प: यातलं कुठलं घ्यावं?

तिघांचं काम एकच, सामाईक गेटवे सांभाळणं. एचएसआरपी फक्त सिस्कोचं आहे. दोन्ही राउटर सिस्को असतील तर निवांत वापरा. हाक ३ सेकंदांनी, वाट १० सेकंद, प्रीएम्प्ट (बरा झाल्यावर कारभार परत घेणं) सांगितल्याशिवाय बंद. व्हीआरआरपी खुलं मानक आहे, १९९८ पासूनचं. २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत आयपीव्ही६ आलं आणि २०२४ च्या सुधारणेत मास्टर हे नाव जाऊन अॅक्टिव्ह आलं, त्यामुळे जुन्या-नव्या मॅन्युअलमध्ये शब्द वेगळे दिसतील. कार्प ओपनबीएसडीवाल्यांनी पेटंटच्या वादातून वेगळं काढलं आणि पीएफसेन्स तेच वापरतं. एका कंपनीचा राउटर अ आणि दुसरीचा ब असेल तर व्हीआरआरपीच, आणि दोन्हीकडे आवृत्तीही एकच. आवृत्ती २ आणि ३ एकमेकांचं ऐकत नाहीत.

### फेलओव्हरला किती वेळ लागतो?

दोन वेगळे आकडे आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

राउटर मेला तर व्हीआरआरपीचा हिशोब: हाकेच्या अंतराच्या तिप्पट, अधिक एक छोटा फरक. तो फरक म्हणजे २५६ मधून प्रायॉरिटी वजा करून २५६ ने भाग. प्रायॉरिटी १०० असेल तर ३ अधिक ०.६१, म्हणजे साधारण ३.६ सेकंद. राउटर व्यवस्थित बंद केला तर तो जाताना शून्य प्रायॉरिटीची हाक देऊन जातो आणि बॅकअप सेकंदाच्या आत उठतो.

लाइन मेली तर वेळ तपासणीवर ठरतो. मायक्रोटिकचं चेक-गेटवे दहा-दहा सेकंदांची दोन उत्तरं चुकल्यावर हार मानतं, म्हणजे वीसेक सेकंद. बीजीपीला (वेगवेगळ्या संस्थांच्या जाळ्यांत मार्गांची देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल) काहीच न सांगितल्यास सिस्कोवर १८० सेकंद लागू शकतात. तीन मिनिटं! ओएसपीएफचे (संस्थेच्या आतल्या मार्गांसाठीचा तसाच प्रोटोकॉल) ४०. माझं मत असं की सामान्य ऑफिसला वीस-तीस सेकंद चालतात. ओपीडीच्या रांगेत किंवा वजनकाट्यावर कोणाच्या लक्षातही येत नाही. फोन आयपीवर असतील तर मात्र विचार करावा लागतो.

### मग टायमर शंभर मिलिसेकंदांवर का आणू नयेत?

कारण मग राउटर लाइन पडल्यावर हलेलच, पण डेटाचा बॅकअप चालू असताना, सीपीयू ९० टक्क्यांवर गेल्यावर आणि आरएफ लिंकवर पाऊस पडल्यावरही हलेल. लवकर कळायला हवं असेल तर त्यासाठी बीएफडी (दोन टोकांनी एकमेकांना झटपट हाका देणं) आहे. ते पॅकेट हलके असतात आणि चांगल्या उपकरणांत हार्डवेअरच हाताळतं. ३०० मिलिसेकंद गुणिले ३ ठेवलं तर सेकंदाच्या आत निकाल. अट एवढीच की समोरच्यानेही ते चालू करायला हवं. लीज्ड लाइनच्या प्रोव्हायडरला लेखी विचारा. ब्रॉडबँडवर हा प्रश्नच येत नाही.

### प्रीएम्प्ट चालू ठेवावं की बंद?

चालू ठेवा, पण विलंबासह. प्रीएम्प्ट म्हणजे मूळ राउटर बरा झाला की त्याने कारभार परत घेणं. व्हीआरआरपीत ते मुळातच चालू असतं. विलंब नसेल तर काय होतं बघा: अ रीबूट होऊन आला, लॅनचा पोर्ट उठला, लगेच अॅक्टिव्ह झाला. पण त्याची बीजीपी अजून जुळलेली नाही, ब्रॉडबँडचं पीपीपीओई लॉगिन झालेलं नाही. सगळं ऑफिस चालू असलेल्या ब वरून उठून बंद असलेल्या अ वर आलं. त्यात स्विचवर जुनं स्पॅनिंग ट्री (जाळ्यात फेरा होऊ नये म्हणून पोर्ट थोडा वेळ रोखणारी सोय) असेल आणि राउटरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ती थांबणूक टाळणारं सेटिंग) नसेल तर पोर्ट उठल्यावर ३० सेकंद पुढे काही जातच नाही. तेवढ्यात अ ला ब ची हाक ऐकू येत नाही, तो स्वतःला एकटाच समजतो.

दोन-तीन मिनिटांचा विलंब द्या. लाइनच्या ट्रॅकिंगलाही तसंच: पडल्यावर दहा सेकंदांनी मान्य करा, उठल्यावर मात्र किमान मिनिटभर थांबा. फायबर जोडणारा माणूस खांबावर बसलेला असतो तेव्हा लाइन येते-जाते-येते, त्याचं काम होईपर्यंत आपण दुसऱ्या लाइनवर थांबलेलं बरं.

काही जण प्रीएम्प्ट बंद ठेवून परत जाण्याचं काम रात्री हाताने करतात. दोन्ही राउटर सारख्याच ताकदीचे असतील तर ही पद्धत उत्तम आहे. वर सांगितलेलं ट्रॅकिंग मात्र मग चालत नाही, कारण ब ला अ च्या हयातीत पुढे येण्याची परवानगीच नसते.

### दोन्ही राउटर स्वतःला अॅक्टिव्ह म्हणतात. काय बिघडलं?

हाक पोचत नाहीये. क्रमाने तपासा. दोघांमधल्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर) व्हीआरआरपीचा व्हीलॅन (स्विचवर वेगळं केलेलं जाळं) आहे का? फायरवॉलमध्ये व्हीआरआरपीला वाट दिली आहे का? इथे एक नेहमीचा गोंधळ: ११२ हा टीसीपी किंवा यूडीपी पोर्ट नाही, तो आयपी प्रोटोकॉलचा क्रमांक आहे, पोर्ट ११२ उघडून काही होत नाही. स्विचवरचं आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टकडे सोडणारी सोय) मल्टिकास्ट गिळत नाहीये ना? चांगले स्विच २२४.०.०.१८ ला हात लावत नाहीत, काही स्वस्त लावतात. राउटर व्हर्च्युअल मशीनवर असेल तर व्हीएमवेअरच्या स्विचवर मॅक बदलण्याची आणि फोर्ज्ड ट्रान्समिटची परवानगी द्यावी लागते.

फोर्टिगेटसारख्या फायरवॉलच्या जोडीत हार्टबीटची (एकमेकांना हाक देण्याची) केबल वेगळी असते. ती एकच ठेवू नका. दोन ठेवा, आणि दोन्ही एकाच मधल्या स्विचमधून नेऊ नका. शक्य तर थेट एका बॉक्सातून दुसऱ्यात.

### फेलओव्हर होतो, पण व्हीपीएन आणि रिमोट डेस्कटॉप तुटतात. हे टाळता येईल?

अर्धं टाळता येईल. राउटर बदलला पण बाहेरचा सार्वजनिक पत्ता तोच राहिला, तर सेशनची यादी दोघांत आधीपासून वाटलेली असल्यास जोडण्या टिकतात. पीएफसेन्समध्ये हे पीएफसिंक करतं, लिनक्सवर कॉनट्रॅकडी, फोर्टिगेटमध्ये सेशन पिकअप, आणि ते मुळात बंद असतं, चालू करावं लागतं. पीएफसेन्सवर बाहेर जाणारा नॅटही (आतल्या पत्त्याचा बाहेरचा पत्ता करणं) सामाईक पत्त्यावरून व्हायला हवा. तो राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावरून होत असेल तर सेशन वाटून उपयोग नाही.

यासाठी प्रोव्हायडरकडून पत्ते पुरेसे हवेत. /३० आकाराच्या पत्त्यांच्या गटात वापरायला दोनच पत्ते असतात, एक त्यांचा आणि एक तुमचा. दोन राउटर आणि एक सामाईक मिळून तीन लागतात, म्हणून /२९ हा मोठा गट मागा. लाइन घेतानाच मागा, नंतर मागितल्यावर पत्ते बदलून मिळतात आणि मग व्हीपीएनची सगळी टोकं बदलावी लागतात.

लाइनच बदलली तर सार्वजनिक पत्ता बदलतो आणि चालू टीसीपी जोडणी तुटतेच. यावर जादू नाही. करायचं एवढंच की जुन्या नॅटच्या नोंदी पटकन पुसल्या जातील असं बघा, नाहीतर विशेषतः आयपी फोनचं यूडीपी ट्रॅफिक जुन्या लाइनच्या पत्त्याला चिकटून बसतं आणि फोन नेट आल्यावरही मुके राहतात.

### बॅकअप लाइनवर सगळं चालतं, फक्त बँकेचं काम चालत नाही.

बँकेकडे तुमचा पहिल्या लाइनचाच आयपी नोंदलेला आहे. होस्ट-टू-होस्ट, एपीआय बँकिंग, ई-इन्व्हॉइसचं एपीआय, मुख्यालयाचा व्हीपीएन, जिथे जिथे आयपी पाहून प्रवेश देतात तिथे दोन्ही लाइनचे पत्ते आजच नोंदवा. बॅकअप सिम असेल तर त्याला बहुधा सीजीनॅटमागचा (अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटणाऱ्या सोयीमागचा) पत्ता मिळतो, १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला किंवा खाजगी, आणि बाहेर दिसणारा पत्ता बदलता असतो. अशा वेळी ऑफिसातून बाहेरच्या एखाद्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरकडे बोगदा (व्हीपीएन) काढा आणि बँकेचं ट्रॅफिक तिथल्या कायमच्या पत्त्यावरून जाऊ द्या. बाहेरून आत येणाऱ्या जोडण्या, म्हणजे कॅमेरे, बायोमेट्रिक, शाखेची टॅली, यांनाही सिमवर हाच उपाय. थेट पोर्ट फॉरवर्ड तिथे चालणार नाही.

### दोन्ही लाइन एकाच वेळी वापरल्या तर?

वापरा, पण क्षमतेचा हिशोब ठेवा. दोन्ही १०० एमबीपीएसच्या लाइन ७०-७० भरलेल्या असतील तर एक पडल्यावर १४० चं ट्रॅफिक १०० मध्ये कोंबावं लागेल. तेव्हा कोणाला आधी सोडायचं हे आधीच ठरवा: बिलिंग आणि फोन आधी, सीसीटीव्हीचा क्लाउड बॅकअप आणि विंडोज अपडेट शेवटी. जोडणीनुसार वाटणी करा, पॅकेटनुसार नको. एकाच लॉगिनचे पॅकेट दोन पत्त्यांवरून गेले की बँकेच्या साइट सरळ बाहेर काढतात.

### बीजीपी घ्यावं का?

बाहेरच्या लोकांना तुमच्याकडे, तुमच्याच पत्त्यावर, कुठल्याही लाइनवरून पोचता यायला हवं असेल तर हो. त्यासाठी स्वतःचा एएस क्रमांक (इंटरनेटवर तुमच्या जाळ्याची ओळख) आणि किमान /२४, म्हणजे २५६ पत्त्यांचा ब्लॉक लागतो, कारण त्याहून लहान तुकडा जगात बहुतेक ठिकाणी स्वीकारलाच जात नाही. भारतात हे आयआरआयएनएनकडून मिळतं. ती निक्सीच्या (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) अखत्यारीतली नोंदणी आहे. दोन्ही प्रोव्हायडर बीजीपी देणारे हवेत, म्हणजे साध्या ब्रॉडबँडवर हे होत नाही. छोट्या ऑफिसला याची गरज नाही. सहकारी बँकेच्या डेटा सेंटरला, होस्टिंगवाल्याला, विद्यापीठाला आहे.

घेतलंत तर पहिल्या दिवशी दोन फिल्टर लावा. बाहेर फक्त तुमचाच ब्लॉक जाऊ द्या. हे विसरलं तर एका प्रोव्हायडरचे मार्ग दुसऱ्याला सांगितले जातात आणि तुमच्या छोट्याशा राउटरमधून दोन कंपन्यांचं ट्रॅफिक जाऊ लागतं. आणि आत येणाऱ्या मार्गांना कमाल मर्यादा घाला, पण मर्यादा ओलांडल्यावर नेमकं काय होणार हे ठरवून. ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ ला ऑप्टसचं जाळं याच कारणाने पडलं: मार्गांची माहिती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, सुमारे ९० राउटरनी स्वतःला सुरक्षिततेसाठी वेगळं करून घेतलं आणि जवळपास एक कोटी ग्राहक तासन् तास बंद राहिले. प्रत्येक राउटर आपापल्या नियमाने बरोबर वागला होता. तुमचे दोन राउटर एकाच मर्यादेचे, एकाच आवृत्तीचे असतील तर तेही एकाच क्षणी बरोबर वागतील.

बाहेर जाणारं ट्रॅफिक कुठल्या लाइनने जावं हे लोकल प्रेफरन्सने ठरतं, मुळात १०० असतो, मोठा जिंकतो. आत येणारं मात्र दुसऱ्यांच्या मर्जीवर आहे; एएस पाथ लांबवून किंवा प्रोव्हायडरच्या कम्युनिटी (मार्गाला लावायच्या खुणा) वापरून सुचवता येतं, हुकूम देता येत नाही.

### दोन्ही राउटरची कॉन्फिग सारखी कशी ठेवायची?

फोर्टिगेट आणि पीएफसेन्सच्या जोडीत ती आपोआप जाते. सिस्को आणि मायक्रोटिकच्या व्हीआरआरपी जोडीत जात नाही, म्हणजे मार्चमध्ये अ वर घातलेला फायरवॉलचा नियम ऑगस्टमध्ये ब अॅक्टिव्ह झाल्यावर गायब असतो. दर आठवड्याला दोन्हीकडची कॉन्फिग निर्यात करून फरक काढणारी छोटी स्क्रिप्ट लावा. फर्मवेअर मात्र एकाच दिवशी दोन्हीवर चढवू नका.

### सगळंच पडलं तर राउटरपर्यंत पोचायचं कसं?

वेगळ्या दारातून. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं जाळं सहाएक तास बंद होतं. देखभालीतल्या एका कमांडने त्यांचा बॅकबोन (डेटा सेंटरांना जोडणारा कणा) तुटला; डेटा सेंटर दिसेना म्हणून डीएनएस सर्व्हरनी स्वतःची बीजीपी जाहिरात मागे घेतली, आणि दुरुस्तीसाठीची अंतर्गत साधनंही त्याच जाळ्यावर असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. आपल्या प्रमाणात याचा उपाय स्वस्त आहे: एक छोटा ४जी राउटर, त्यावरून बाहेर काढलेला बोगदा आणि मुख्य राउटरच्या कन्सोल पोर्टला (नेट बंद असतानाही राउटर हाताळण्याचा पोर्ट) जोडलेली केबल. हे सिम वेगळ्या कंपनीचं हवं, आणि त्याचं रिचार्ज कोणाच्या वैयक्तिक नंबरवर अवलंबून नको.

### चाचणी कशी आणि कधी करायची?

केबल उपसून. पण केबल कुठली, हे महत्त्वाचं. राउटर आणि ओएनयूमधली केबल काढणं ही सोपी परीक्षा आहे, त्यात पोर्ट डाउन होतो आणि सगळेच पास होतात. ओएनयूच्या मागची फायबर काढा, कनेक्टर हलक्या हाताने आणि टोकाला टोपी घालून. तिथे राउटरला हिरवा दिवा दिसत राहतो आणि तपासणी खरी आहे की नाही ते कळतं. मग अ ची वीज काढा. मग परत द्या आणि परत येताना काय होतं ते बघा. बहुतेक जण इथे घड्याळ बंद करून चहाला जातात आणि खरा गोंधळ तेव्हाच होतो. शेवटी दोघांच्या मधला स्विच बंद करा.

चाचणी कामाच्या वेळेत करा, लोकांना सांगून. रात्री अकराला रिकाम्या ऑफिसात सगळं चालतं, कारण तेव्हा बँकेला कोणी जात नाही, फोन कोणी करत नाही आणि बॅकअप लाइनवर भार नसतो.

### बॅकअप लाइन चालू आहे हे रोज कसं कळणार?

तिच्यावर ट्रॅफिक नसल्याने ती मेली तरी कोणी ओरडत नाही. तिच्यासाठीही वेगळं बांधलेलं पिंग लावा आणि ती पडली की फोनवर निरोप येऊ द्या, मुख्य लाइन ठणठणीत असतानाही. फेलओव्हर झाला की निरोप, परत आल्यावर निरोप. त्यात तारीख-वेळ बरोबर यावी म्हणून दोन्ही राउटर एकाच एनटीपीला (वेळ देणाऱ्या सर्व्हरला) लावा, नाहीतर दोघांचे लॉग शेजारी ठेवून आधी कोण पडलं ते सांगता येत नाही. आणि बॅकअप लाइनचं बिल कोण भरतं, त्याची तारीख कोणती, हे राउटरच्या रॅकवर चिकटवून ठेवा. न भरलेल्या बिलामुळे बंद असलेली बॅकअप लाइन मुख्य लाइन तुटल्याच्या दिवशीच सापडते.